दार काढलं की आरसाही जातो: एका सेव्हनच्या साइड मिररचं प्रकरण

गाडी कॅटरहॅम सेव्हन, नव्वदच्या दशकाच्या अखेरची. रोव्हरचं १.६ लिटरचं के-सिरीज इंजिन, पाच गिअर, स्टिअरिंग उजवीकडे. मालक मूळचा पुण्याचा, आता इंग्लंडमध्ये केंट परगण्यात राहणारा माझा मित्र. तक्रार अशी की मोटरवेवर साठ मैलांच्या वेगाला उजव्या आरशात मागच्या गाडीऐवजी तिचा नुसता लगदा दिसतो, आणि डाव्या आरशात शेजारी बसलेल्याचा खांदा सोडून काही दिसतच नाही. त्याने दोन्ही आरसे पुन्हा पुन्हा फिरवून पाहिले होते, फरक पडला नव्हता. माझा पोटापाण्याचा उद्योग यंत्रांच्या कंपनांचा, म्हणून बोलावणं मला आलं.

माझं मत आधीच सांगून टाकतो. या जातीच्या गाडीत आरसा ‘सेट’ करणं हे सगळ्यात शेवटचं काम. आरसा कशाला धरून उभा आहे ते आधी बघायचं, मग काच कुठली आहे ते, आणि मग कोन. मालकाने उलट्या टोकाने सुरुवात केली होती. बहुतेक जण तेच करतात, कारण कोन बदलायला पाना लागत नाही.

गाडी आणि तिची दारं

ज्यांनी ही गाडी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कॉलिन चॅपमन यांच्या लोटस कंपनीने १९५७ साली लोटस सेव्हन आणली. १९७३ मध्ये तिचे हक्क सरे परगण्यातल्या कॅटरहॅम गावच्या विक्रेत्याकडे गेले आणि ती कॅटरहॅम सेव्हन झाली. पोलादी नळ्यांचा सांगाडा, त्यावर अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे, वजन अर्ध्या टनाच्या आसपास. सिरीज ३ ची रुंदी १,५७५ मि.मी., म्हणजे दोघं शेजारी बसले की खांद्याला खांदा लागतोच. उंची इतकी कमी की सिग्नलला थांबल्यावर शेजारच्या ट्रकच्या चाकाचे नट मोजत बसता येतं.

हिला नेहमीसारखं दार नसतं. विंडस्क्रीनच्या दोन्ही बाजूंना उभे आधार असतात, त्यांना स्टँचियन म्हणतात. त्यांच्या बिजागऱ्यांवर कापड आणि मऊ पारदर्शक प्लास्टिकची एक चौकट लटकते. ती साइडस्क्रीन. पाऊस आला की लावायची, ऊन पडलं की उचलून डिकीत टाकायची. अनेक सेव्हनवर बाहेरचे आरसे या साइडस्क्रीनवरच बसवलेले असतात आणि या गाडीवरही तसेच होते. त्यामुळे इंग्लंडमधल्या चार उन्हाळी दिवसांत, जेव्हा ही गाडी खरी बाहेर काढायची, नेमके तेव्हाच दारांबरोबर आरसेही निघून जातात. शिवाय दार लावलेलं असलं तरी वेगात कापडाची चौकट थरथरते आणि आरसा तिच्याबरोबर नाचतो.

ब्रिटिश नियम इथे काय म्हणतात ते बघण्यासारखं आहे, कारण मालकाची समजूत अशी की मधला आरसा असला म्हणजे झालं. १९८६ च्या वाहन बांधणी व वापर नियमावलीतला ३३ वा नियम आरशांचा. १ जून १९७८ नंतर प्रथम वापरात आलेल्या मोटारीला ड्रायव्हरच्या बाजूचा बाहेरचा आरसा लागतोच. आतला आरसाही लागतो, पण त्यातून मागचं पुरेसं दिसत नसेल तर डाव्या बाजूलाही बाहेरचा आरसा हवा. आता सेव्हनमध्ये मधल्या आरशासमोर आधी रोल बार, म्हणजे गाडी उलटली तर डोकी वाचवणारी सीटमागची नळ्यांची कमान येते, आणि छप्पर चढवलं की मागे उरते धुक्याने भरणारी प्लास्टिकची छोटी खिडकी. छप्पर काढलेल्या गाडीत मधला आरसा कदाचित पुरेसा ठरेल, चढवलेल्यात ठरणार नाही. वर्षभर वापरायच्या गाडीला दोन्ही बाजूंचे आरसे लागणारच, यावर वाद घालण्यात अर्थ नव्हता.

म्हणून मालकाने ऑनलाइन एक जोडी मागवली होती. गोल डोकं, ८ मि.मी. जाडीची सुबक चकचकीत दांडी, बुडाशी एकच बोल्ट. दांडीची लांबी १४० मि.मी. एकाच बोल्टने ती स्टँचियनला जोडली आणि दारं काढून तो निघाला. दिसायला आरसे फार देखणे होते, एवढं मान्य केलं पाहिजे.

थरथर कुठून येते

आरसा थरथरतो म्हटल्यावर सगळे वाऱ्याला दोष देतात. मालकाचंही तेच म्हणणं होतं. हे तपासणं सोपं आहे. गाडी जागेवर उभी करायची, गिअर न्यूट्रल, आणि इंजिन त्याच फेऱ्यांवर न्यायचं. या गाडीत पाचव्या गिअरला ३,००० आरपीएम म्हणजे साधारण साठ मैल, म्हणजे ताशी ९५ ते १०० किलोमीटर. उभ्या गाडीत ३,००० ला काटा गेला आणि आरशातली कुंपणाची फळी तशीच पुसट झाली. झाडाचं पानही हलत नव्हतं. वारा निर्दोष सुटला, निदान या गुन्ह्यातून.

चार सिलिंडरच्या सरळ इंजिनाची मुख्य थरथर क्रँकच्या एका फेरीत दोनदा येते. ३,००० आरपीएम म्हणजे सेकंदाला ५० फेऱ्या, म्हणजे १०० हर्ट्झ. टोकाला आरशाचं वजन घेऊन बाहेर आलेली बारीक दांडी याच सुमाराला झुलायला राजी असेल, तर इंजिन तिला झुलवतं. २,४०० ला चित्र बरं होतं, ३,००० ला गेलं, ३,६०० ला पुन्हा बरं झालं. असा मधलाच एक पट्टा बिघडलेला असला की समजायचं, हा अनुनाद आहे. नट सैल असता तर बिघाड इतका शिस्तीत आला नसता.

किती हलतोय हे डोळ्याने सांगता येत नाही. संध्याकाळी अंधारून आल्यावर गाडी घराबाहेर एका कोऱ्या भिंतीजवळ लावली. आरशाच्या काचेवर सपाट आरशाचा नखाएवढा तुकडा टेपने चिकटवला, कारण फुगीर काचेवर लेसरचा ठिपका पसरतो. तिपाईवर एक मिलिवॉटपेक्षा कमी शक्तीचा लेसर पॉइंटर ठेवून त्याचा ठिपका पाच मीटरवरच्या भिंतीवर पाडला. इंजिन चढवलं की ठिपक्याची रेघ झाली. रेघेची लांबी ६० मि.मी.

पाच मीटरवर ६० मि.मी. म्हणजे किरण सुमारे ०.७ अंशात हेलकावतो आहे. काच मात्र त्याच्या निम्मीच हलते, कारण आरसा जितका वळतो त्याच्या दुप्पट किरण वळतो. ही दुप्पट सगळ्या खेळाच्या मुळाशी आहे. काच जेमतेम एक तृतीयांश अंश हलतेय, बोटाला ती जाणवतही नाही, पण वीस मीटर मागच्या गाडीचं चित्र पाव मीटरभर फासलं जातंय. १.८ मीटर रुंदीच्या गाडीचं पाव मीटर. तिचे दोन दिवे आहेत की मोटारसायकलचा एक, हे ओळखताना गफलत होणारच.

हे दुखणं नवं नाही. १९११ साली पहिल्या इंडियानापोलिस ५०० शर्यतीत रे हॅरून यांनी मार्मन वास्पवर आरसा लावला होता. इतरांच्या शेजारी मागे लक्ष ठेवायला मेकॅनिक बसलेला, यांच्या गाडीत एकच जागा. ते जिंकले आणि मोटारीच्या आरशाच्या इतिहासात त्यांचं नाव लागलं. पण विटांच्या त्या ट्रॅकवर आरसा एवढा थरथरत होता की त्यातून फारसं काही दिसलंच नाही, हे त्यांनीच नंतर कबूल केलं होतं.

मालकाने एव्हाना एक उपाय शोधला होता: आरशाच्या डोक्यात शिशाचे तुकडे भरायचे. लोक हे करतात आणि काहींना गुणही येतो. वजन वाढलं की झुलण्याची वारंवारिता खाली येते, म्हणजे बिघडलेला पट्टा ३,००० वरून खाली सरकतो. तो नाहीसा होत नाही. साठ मैलांवरची तक्रार गावातल्या चाळीस मैलांवर आणून ठेवायची, वर बॉल जॉइंटवर, म्हणजे आरशाचं डोकं ज्या गोळ्यावर फिरतं त्यावर, जास्त ओझं घालायचं. मला हा सौदा पटत नाही. पट्टा वर ढकलायचा असेल तर वजन तेच ठेवून आधार कडक करावा लागतो.

कडकपणाचं गणित बाजूने होतं. एका टोकाला धरलेल्या दांडीचा कडकपणा लांबीच्या घनाने घटतो. १४० मि.मी. ऐवजी ५५ मि.मी. दांडी घेतली तर ती सोळापट कडक, आणि जाडी ८ वरून १० मि.मी. केली तर आणखी जवळपास अडीचपट. वारंवारिता या गुणाकाराच्या वर्गमुळाने वाढते, म्हणजे कागदावर सहापट. प्रत्यक्षात एवढं मिळत नाही, कारण स्टँचियन आणि त्याखालचा पत्राही थोडा वाकतोच. पण त्याच्या निम्मं मिळालं तरी अनुनादाचा पट्टा या इंजिनाच्या लाल रेषेपलीकडे, म्हणजे कमाल फेऱ्यांपलीकडे गेला असता.

मग लांब दांड्या विकतात कशाला?

कोपरासाठी. दार नसलेल्या सेव्हनमध्ये ड्रायव्हरचं बाहेरचं कोपर गाडीच्या बाहेर येतं, ठेवायला दुसरी जागाच नसते. आरसा स्टँचियनला चिकटून लावला तर त्याची मागे जाणारी नजर नेमकी कोपरावर आणि दंडावर आदळते. आरसा बाहेर न्यावाच लागतो. आम्ही टेप लावून पाहिलं. मालक पट्टे बांधून, हात स्टिअरिंगवर ठेवून बसला, मी आरसा हातात धरून हळूहळू बाहेर नेत गेलो. सुमारे ९५ मि.मी. बाहेर गेल्यावर कोपर चित्रातून निघून गेलं. १४० ची गरज नव्हती, पण ५५ नेही भागत नव्हतं.

यावर तोडगा हा की बाहेर जायचं काम दांडीकडून काढून ब्रॅकेटला द्यायचं. ४० × ४० × ५ मि.मी. ची अ‍ॅल्युमिनियमची अँगल पट्टी आणली आणि तिच्यातून एक त्रिकोणी तुकडा कापला. बुडाशी रुंद, टोकाशी निमुळता. तो ४० मि.मी. बाहेर जातो आणि तिथून पुढे ५५ ची जाड दांडी. सपाट पट्टी वाकवून ब्रॅकेट करायचा मालकाचा विचार होता. मिश्रधातू ६०८२, टी-६ प्रतीचा, म्हणजे तो तंग कोनात वाकवला की बाहेरच्या कडेला तडे जातात. तयार अँगलमधून कापला की वाकवायचा प्रश्नच उरत नाही.

ब्रॅकेटला बोल्ट दोन. हे मी हट्टाने करायला लावलं. एका बोल्टवरचा ब्रॅकेट कितीही आवळा, कधी ना कधी त्या बोल्टभोवती फिरतो. सत्तर मैलांच्या वेगाला १०० मि.मी. व्यासाच्या गोल डोक्यावर वाऱ्याचा दाब साधारण ५ न्यूटन येतो, म्हणजे अर्धा किलोचं वजन सतत मागे ढकलतंय. विंडस्क्रीनच्या कडेला हवा आणखी वेग घेते, तेव्हा जास्तच. जुना आरसा दर प्रवासात हळूहळू आत वळत होता आणि मालक त्याला बॉल जॉइंट सैल झालाय असं समजत होता. प्रत्यक्षात बुडाचा बोल्टच फिरत होता.

दोन बोल्टसाठी नवी भोकं पाडायची नव्हती. स्टँचियनचे मूळचे दोन बोल्ट काढून त्याच दर्जाचे, ब्रॅकेटच्या जाडीइतके लांब बोल्ट घातले. हे बोल्ट विंडस्क्रीन धरून ठेवतात, म्हणून दोन पथ्यं: एका वेळी एकच बोल्ट काढायचा, आणि जुन्या बोल्टचा जेवढा आटा आत जात होता तेवढाच नव्याचाही जायला हवा. लांबी कमी पडली तर दोन आट्यांवर विंडस्क्रीन लटकते. स्टेनलेसचा बोल्ट, अ‍ॅल्युमिनियमचा ब्रॅकेट आणि हिवाळ्यात रस्त्यावर मिठाचं पाणी, या तिघांची गाठ पडली की अ‍ॅल्युमिनियम पांढरी भुकटी होऊन गळायला लागतं. म्हणून मध्ये गंजरोधक पेस्ट लावली आणि नायलॉनचे वॉशर टाकले.

आरशाच्या डोक्याला लागणारा नट नायलॉक, म्हणजे आत नायलॉनची कडी असलेला, सहज सैल न होणारा घेतला. तिथे थ्रेडलॉकर, म्हणजे आटे घट्ट चिकटवणारं द्रव, ओतायचा मोह होतो. डोकं एबीएस किंवा पॉलिकार्बोनेट प्लास्टिकचं असेल तर थ्रेडलॉकर त्या प्लास्टिकला केसासारख्या भेगा पाडतो, आणि त्या लगेच दिसत नाहीत, काही आठवड्यांनी बोल्टभोवती उगवतात. बॉल जॉइंटबद्दल एवढंच की त्यात ग्रीस नको. तो घर्षणावर टिकतो. स्पिरिटने पुसून कोरडा बसवायचा.

काच

जुनी जोडी काढली तेव्हा काचेवर वर्तुळातलं ई आणि आकडा शोधला. नव्हता. संयुक्त राष्ट्रांच्या ४६ व्या नियमानुसार मान्यता मिळालेल्या आरशावर हे चिन्ह असतं, आकडा कोणत्या देशाने मान्यता दिली ते सांगतो (ई११ म्हणजे ब्रिटन), आणि रोमन अंकात आरशाचा वर्ग असतो. मोटारीच्या बाहेरच्या मुख्य आरशाचा वर्ग तिसरा. या वर्गाच्या फुगीर काचेची वक्रता त्रिज्या १,२०० मि.मी. पेक्षा कमी चालत नाही.

चिन्ह नसेल तर त्रिज्या घरीही मोजता येते. पोलादी पट्टी काचेच्या मध्यावर टेकवायची आणि दोन्ही टोकांना सारखी फट ठेवून फिलर गेजने, म्हणजे ठरावीक जाडीच्या पातळ पात्यांच्या संचाने, ती मोजायची. ९० मि.मी. रुंदीच्या काचेला १,२०० त्रिज्येवर कडेला सुमारे ०.८४ मि.मी. फट पडते, २,००० वर ०.५. इथे १.७ आली. म्हणजे त्रिज्या ६०० च्या आसपास, मर्यादेच्या निम्मी.

याचा परिणाम काय? काच डोळ्यापासून ६० सें.मी. वर आहे असं धरू. वीस मीटर मागे असलेली गाडी १,२०० च्या काचेत जेवढी दिसते तेवढी सपाट आरशात चाळीस मीटरवर असती तर दिसली असती. ६०० च्या काचेत साठ मीटरवर. मधल्या सपाट आरशात गाडी वीस मीटरवर, बाजूच्या आरशात साठवर, आणि मेंदूने दोन सेकंदांत ठरवायचं की लेन बदलू का नको. वर ती थरथरतेय. मालक म्हणायचा की मोटरवेवर मागच्या गाड्या ‘एकदम येतात’. त्या एकदम येत नव्हत्या, बराच वेळ आधीपासून तिथेच होत्या.

मग सपाट काच का नाही? मालकाचा पुढचा प्रश्न हाच होता. उत्तर कोनात आहे. ४६ व्या नियमाची अपेक्षा अशी: ड्रायव्हरच्या डोळ्यांच्या मागे २० मीटरवर गाडीच्या कडेपासून बाहेर ४ मीटर रुंदीची जमीन दिसावी, आणि ४ मीटर मागे १ मीटर रुंदीची. आरशापासून हा कोन ११ ते १३ अंश होतो. ९० मि.मी. ची सपाट काच ६० सें.मी. वरून एका डोळ्याला जेमतेम ९ अंश दाखवते. १,२०० ची फुगीर काच १७ दाखवते. डावीकडचा आरसा डोळ्यापासून मीटरभर लांब, तिथे सपाट काच ५ अंशांवर येते आणि फुगीर १४ वर. म्हणजे उजवीकडे सपाट काच लावून एक वेळ भागवता येईल, डावीकडे ती निव्वळ शोभेची ठरते. १,२०० च्या आसपासची, चिन्ह असलेली काच दोन्हीकडे लावली. ही जुनी, आधीच नोंदणी झालेली गाडी म्हणून प्रश्न एमओटीपुरता, म्हणजे दरवर्षीच्या सक्तीच्या तपासणीपुरता होता. आज किटमधून नवी गाडी बांधून २००९ पासूनच्या आयव्हीए तपासणीला (नोंदणीआधी एकेका गाडीची होणारी मान्यता तपासणी) नेणाऱ्याने हे चिन्ह आणि आरशाच्या कडांची गोलाई आधी तपासावी. तिथे धारदार कडा चालत नाही, किमान २.५ मि.मी. त्रिज्या लागते.

डावा आरसा वळतच नव्हता

खांदा दिसण्याच्या तक्रारीचं मूळ इथे निघालं. उजव्या आरशासाठी काचेचं तोंड गाडीच्या मध्याकडे साधारण १७ ते १८ अंश वळावं लागतं. डाव्यासाठी ३०. ड्रायव्हर तिरका, लांब बसलेला असतो, काचेने त्याची नजर आणि मागचा रस्ता यांचा कोन बरोबर मधोमध छेदायचा असतो. विकत आणलेल्या आरशाचा बॉल जॉइंट २० च्या पुढे गेला की डोक्याची कड दांडीला टेकायची. दोन्ही बाजूंना तीच वस्तू लावलेली, त्यामुळे उजवीकडे जमलं, डावीकडे कितीही फिरवलं तरी पुढे जाईना. त्यावर मालक पट्टे सैल करून पुढे वाकायचा. मग दिसायचं.

उपाय ब्रॅकेटमध्येच केला. डावा ब्रॅकेट कापताना दांडीचं भोक १५ अंश आत कललेल्या पृष्ठावर घेतलं, म्हणजे बॉल जॉइंटला उरलेले १५ अंशच वळायचे राहिले आणि दोन्ही दिशांना थोडी मोकळीक उरली. आरसा विकत घेताना हे कुणी विचारत नाही. विचारावं: हा किती अंश वळतो?

आता कोन

एवढं झाल्यावर सेटिंग. रविवारी सकाळी औद्योगिक वसाहतीच्या रिकाम्या पार्किंगमध्ये गेलो. बरोबर मालकाचे वडील होते, पुण्याहून आलेले. त्यांना आम्ही सगळे काका म्हणतो. उभी हयात बजाज स्कूटर चालवण्यात गेलेली, त्यामुळे हलणाऱ्या आरशाचं त्यांना फारसं कौतुक नव्हतं.

“अरे, तुझ्या या आरशापेक्षा माझ्या चेतकचा बरा होता,” ते म्हणाले. “त्यात निदान पोलीस तरी दिसायचा.”

क्रम महत्त्वाचा. आधी सीट पक्की, मग पट्टे रोजच्या इतके ताणलेले, पायात गाडी चालवायचे बूट. साध्या मोटारीत डोकं खिडकीकडे नेऊन आरसा बाहेर वळवायची जी पद्धत शिकवतात ती इथे चालत नाही, चार टोकी पट्ट्यात माणूस हलत नाही. पण हलत नाही हा फायदाही आहे, डोळे नेहमी त्याच जागी असतात. मालक असा बांधून बसला आणि त्याला बजावलं की मान फिरव, पाठ उचलू नकोस.

डोळ्यांपासून मागे ४ मीटर आणि २० मीटर टेपने मोजून खुणा केल्या. गाडीच्या कडेच्या रेषेवर एकेक शंकू, आणि त्यापासून बाहेर अनुक्रमे १ आणि ४ मीटरवर एकेक. दोन्ही बाजूंना तसंच. आधी मधला आरसा, रोल बारच्या दोन नळ्यांमध्ये जेवढं सापडेल तेवढं. मग उजवा: काचेच्या आतल्या कडेला मागच्या मडगार्डची बारीक पट्टी ठेवली आणि बाकीची काच बाहेर दिली. मडगार्ड अजिबात दिसू नये असं म्हणणारे आहेत. मला ती पट्टी लागते. आरसा जागचा हलला आहे का, हे चालत्या गाडीत तिच्यावरून एका नजरेत कळतं. उभ्या दिशेत क्षितिज काचेच्या मध्यावर. गाडी एवढी बुटकी की मागच्या एसयूव्हीचे दिवे जवळपास डोळ्यांच्या उंचीला येतात, त्यामुळे आरसा खाली झुकवून रस्ता बघत बसण्यात अर्थ नाही.

शंकू दिसले म्हणजे काम झालं असं नव्हे, शंकू हलत नाहीत. म्हणून काकांच्या हातात लांब दांड्याचा झाडू दिला आणि त्यांना गाडीच्या मागून, शेजारच्या लेनमधून यावी तशी, उजव्या बाजूने सरळ रेषेत पुढे चालत यायला सांगितलं. मालकाने ओरडून सांगायचं: आता मधल्या आरशात, आता बाजूच्या आरशात, आता डोळ्याच्या कोपऱ्यात. उजवीकडे एकही जागा अशी आली नाही की काका कुठेच दिसत नाहीत. डावीकडे आली. मधल्या आरशातून गेल्यावर आणि डाव्यात येण्याआधी तीन पावलं ते गायब.

“मी आता कुठे आहे?” काकांनी विचारलं.

“बाबा, कुठेच नाही.”

“मग इथेच थांबतो. आरसा फिरव.”

फिरवला. त्या तीन पावलांसाठी डावा आरसा जेमतेम एक अंश आत घ्यावा लागला, काचेच्या बाहेरच्या टोकाला तेवढाच तोटा. झाडू खाली ठेवायच्या आत काकांनी दोन्ही बाजूंनी पुन्हा एक फेरी मारली, या वेळी सायकलस्वाराच्या अंतराने, गाडीला खेटून. मी सांगितली नव्हती, आणि खरं तर तीच जास्त कामाची निघाली: डावीकडे अगदी खेटून येणारा माणूस मागच्या चाकापाशी असताना फक्त अर्धा दिसत होता. तो कोन आरशाने भरून निघत नाही. तिथे मान वळवायची.

काय सुधारलं, काय राहिलं

लेसरची चाचणी पुन्हा केली. ३,००० ला रेघ ६० मि.मी. वरून १० वर आली, म्हणजे वीस मीटरवर पाव मीटरचा फराटा चार सें.मी. झाला. सगळ्या फेऱ्यांमध्ये आता कुठलाही एक पट्टा वेगळा उठून दिसत नाही. सर्वात वरच्या फेऱ्यांना थोडी थरथर आहे. पण तिथे या गाडीत चष्माही थरथरतो. पहिल्या शंभर मैलांनंतर दोन्ही ब्रॅकेटचे बोल्ट तपासले. उजवीकडचा वरचा थोडा घेतला, कारण नायलॉनचे वॉशर सुरुवातीला दबतात.

एक गोष्ट बिघडली. ब्रॅकेटमुळे उजवी साइडस्क्रीन पूर्ण मिटेना, तिची वरची कड अँगलला लागत होती. ब्रॅकेटचा तो कोपरा ८ मि.मी. घासून काढला, त्यामुळे कडकपणात मोजण्यासारखा फरक पडला नाही. आणि एक गोष्ट तशीच आहे. आरसा आता स्टँचियनवर असल्यामुळे दारं लावलेली असताना त्याच्याकडे साइडस्क्रीनच्या जुन्या प्लास्टिकमधून बघावं लागतं. ते प्लास्टिक पिवळं पडलंय, त्यावर ओरखडे आहेत, आणि पावसात रात्री मागच्या दिव्यांचे त्यात झुबके होतात. मालक नव्या प्लास्टिकच्या शिवणकामाचे भाव काढतो आहे. ते होईपर्यंत पावसात गाडी काढायची नाही असं ठरलंय, आणि इंग्लंडमध्ये असं ठरवणं म्हणजे गाडी महिनोन् महिने गॅरेजमध्ये, हे त्यालाही ठाऊक आहे.